मालसुनबाईंची डावी दाढ

हिरवट पडदा कड्यांवरून सर्रकन सरकला, वरचा दिवा लागला आणि उजेडाच्या गोलात प्यो मालसुनबाईंचं उघडं तोंड आलं. मध्ये खुर्ची, उजवीकडे चूळ टाकायचं बेसिन, डावीकडे नाकातोंडावर पट्टी बांधलेली, मा आडनावाची डॉक्टरीण. प्रेक्षकांत एकटे नवरोबा, पानसोक, मांडीवर बायकोची पिशवी घेऊन. बेटावरून पहिल्या बोटीने निघून दोघं मोकपो शहराला आली होती. बाईंचं वय चौऱ्याहत्तर. बोटीत त्या दोनदा पेंगल्या होत्या आणि दवाखान्याच्या जिन्यावर तीनदा थांबल्या होत्या.

"आई, उजवी काढावी लागणार," डॉक्टरीण म्हणाली. "हलतेय. खालचं हाड गेलंय."

"दुखत तर नाही काही!"

"तोच तर दगा आहे. आपली दाढ किडली की ठणकते. ही बसवलेली, खाली नुसता स्क्रू. हिरडी सुजते, रक्त येतं, पू होतो, तरी ही मुकाट बसून राहते. कळतं तेव्हा हाड उरलेलं नसतं."

"आणि डावी?"

"रक्त तिकडेही येतंय. पण हाड अजून शाबूत आहे. हिरडी सावरली तर राहील. तीन महिन्यांनी बघू."

म्हाताऱ्यांना सरकार जन्मात असे दोन दात बसवून देतं, दोनच. बाईंनी ते पुढे, हसताना दिसावेत म्हणून घेतले नव्हते. मागे घेतले होते, खालच्या दोन्ही दाढांच्या जागी, मिठासाठी.

बेटावर त्यांचं मिठागर होतं. आगरातलं मीठ कोठारात वर्षभर निथळत ठेवायचं, कडू पाणी गळून जाऊ द्यायचं आणि मगच पोती भरायची. निथळलं की नाही, हे ठरवायच्या मालसुनबाई. एक खडा उचलून दाढेखाली धरायच्या. कट् करून भुगा झाला आणि मागे कडवट चव राहिली नाही, की मान हलवायच्या. हिवाळ्याच्या तोंडावर कोबी मिठात मुरवून किमची घालणाऱ्या बायका पन्नास वर्षं त्या मानेवर भरवसा ठेवून मीठ नेत होत्या. पानसोकांकडे हे काम देण्यात अर्थ नव्हता. त्यांना सगळंच मीठ खारट लागायचं.

"आई, दात कशाने घासता?" डॉक्टरणीने विचारलं.

बाईंचा चेहरा उजळला. "आपल्याच मिठाने! जाड्या मिठाने. दिवसातून तीनदा. रक्त आलं की आणखी जोर लावते, वाईट रक्त निघून जाऊ दे म्हणून."

डॉक्टरणीने हातातलं हत्यार हळूच खाली ठेवलं.

"तुम्हाला नाही का गेल्या वर्षी पिशवीभर दिलं होतं, दातांसाठी?"

"मी त्याची किमची घातली, आई."

"वाया घालवलंत."

हे घासणं त्या बापाकडून शिकल्या होत्या. बापाला सहा मुलींवर सातवी झाली तेव्हा त्याने तिचं नाव 'शेवटची' अशा अर्थाचं ठेवलं, आणि पुढे प्रेमाने काही दिलं असेल तर बोटावर चिमूटभर मीठ आणि घासायची सवय. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या बेटावर आल्या. समुद्राचं पाणी आगरात चढवायचं चाक पायांनी तुडवलं, लाकडी फळीने मीठ ढकललं, चार बाळंतपणं काढली. दर बाळंतपणाबरोबर एकदोन दात सैल झाले. मग बोटीने एक चामडी पिशवीवाला यायचा. तो स्वयंपाकघरात बसवून उरलेल्या दातांना तारा आणि टोप्या ठोकून जायचा. त्याही पडल्या. मीठ तेवढं सुटलं नाही.

"मिठाच्या पाण्याने चूळ भरा हवी तर," डॉक्टरीण म्हणाली. "पण हिरडीवर खडे नकोत. तुम्ही ती रोज सोलून काढताय." तिने मऊ ब्रश दिला, दातांच्या फटीत घालायचा एक बारीकही दिला. "पेन्सिल धरतो तसा धरा."

पेन्सिल त्या मुठीने शाळेत तीनच वर्षं धरली होती. पन्नास वर्षं फळी धरली होती. आरशासमोर बाईंनी ब्रश लावला आणि त्याचे केस दोन्ही बाजूंना आडवे झाले.

उजवी दाढ त्याच दिवशी निघाली.

मग मे गेला, जून आला. दिवसभर आगरात कंबर मोडायची, संध्याकाळी जेवणाचं ताट उचलायचं जिवावर यायचं, आणि त्यावर हे ब्रशचं नवं काम. बाई बेसिनला टेकून उभ्या राहायच्या. थुंकी रोज लालच.

"अगं, फळी नाही ढकलायचीय," पानसोक मागून म्हणायचे.

"तुम्ही गप्प बसा. स्वतःचे दात पेल्यात बुडवून मला शिकवताय!"

पेला खरोखरच खिडकीत होता.

जूनच्या शेवटी एका दुपारी वारा पडला आणि आगरातल्या पाण्यावर मिठाची पहिली साय धरली. ही साय उचलायची तर जाळी पाण्याला टेकलीय-न-टेकलीयशी फिरवावी लागते. जोर लागला की सगळं तळाला जातं. मालसुनबाई वाकून, श्वास धरून जाळी फिरवत होत्या. मध्येच त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. अंगठा आणि दोन बोटांत जाळी, बाकीची नुसती सोबतीला. जाळी तशीच बांधावर ठेवून त्या घराकडे चालू लागल्या.

"काय गं, काय झालं?" पानसोक ओरडले.

"काही नाही. दात घासून येते."

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्या पांढऱ्या वाडग्यात थुंकल्या आणि वाडगा घेऊन अंगणात आल्या. "बघा हो, लाल आहे का?"

"मला चष्म्याशिवाय तूच लाल दिसतेस."

"मग चष्मा लावा!"

पानसोकांनी चष्मा लावला. पाणी पांढरं होतं.

ऑगस्टमध्ये पुन्हा पडदा सरकला, पुन्हा दिवा लागला. डॉक्टरणीने बारीक सळीने डाव्या दाढेभोवती सहा ठिकाणी टोचून पाहिलं. हाडाचा फोटो काढला, जुन्या फोटोशेजारी धरला. बाईंच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या होत्या.

"रक्त नाही. हाड जिथल्या तिथे. राहिली, आई."

बाईंनी मुठी सोडल्या. "आता झालं ना?"

"दर तीन महिन्यांनी यायचं."

"किती वर्षं?"

"दाढ असेपर्यंत."

"म्हणजे मी असेपर्यंत," बाई पुटपुटल्या आणि खुर्चीतून उतरायला त्यांना डॉक्टरणीचा हात लागला.

परतीच्या बोटीत उकाडा होता. इंजिनाच्या घरघरीत पानसोकांना एरवीपेक्षाही कमी ऐकू येत होतं. "काय म्हणाली ती?" त्यांनी दोनदा विचारलं. मालसुनबाईंनी खिशातून कागदाची पुडी काढली. कोठारातल्या गेल्या वर्षीच्या मिठाचा खडा तीन महिने, दाढेचा निकाल लागेपर्यंत, त्यांनी न चाखता राखून ठेवला होता. तो त्यांनी डाव्या बाजूला सरकवला. कट्. पानसोकांना आवाज आला नसेल, पण जबडा हललेला त्यांनी पाहिला, आणि मग ती मान हलली.

बाईंनी पिशवी उशाला घेतली आणि बाकावर आडव्या झाल्या.

"कडू गेलंय. उद्या पोती भरा. आणि आता बेटाचा धक्का येईपर्यंत मला हाक मारू नका."