चार नंबरचं तापमान

लोणी देवकरच्या एका कारखान्यात माधवीनं एकोणीस वर्षं शीतगृहातले तापमापक वाचले. दर अर्ध्या तासाला आकडा बघायचा, दोन अंश इकडंतिकडं झाले की मेकॅनिकला हाक मारायची. तिथल्याच जोतीरामआबांनी तिला हौशी रेडिओचा, बिनतारी यंत्रावरून लांबच्या माणसांशी बोलण्याचा, नाद लावला. परीक्षा देऊन तिनं लायसन काढलं, तेव्हा नवरा झुंबर हसला होता. "घरात एवढी माणसं हायती बोलायला, तरी हिला यंत्रच पायजे!" पण शाळकरी मुलींच्या सायकल स्पर्धेला स्वतःची भाजीची पिकअप द्यायला तोच सगळ्यांच्या आधी तयार झाला.

स्पर्धा बारामती ते इंदापूर. दमून थांबलेल्या मुलींच्या सायकली गोळा करत झुंबरनं सगळ्यांत मागून यायचं. प्रत्येक गाडीच्या टपावर आबांनी एकेक पेटी बसवली होती. पेटी दर मिनिटाला रेडिओवर गाडीची जागा कळवायची, आणि बंपरखालच्या तारेनं मोजलेलं बाहेरचं तापमानही. इंदापुरातल्या मांडवात माधवीच्या समोर नकाशावर ठिपके सरकत होते. झुंबरची गाडी चार नंबर.

बाराला दहा कमी असताना चार नंबर लासुर्ण्याच्या अलीकडं थांबला.

"चार नंबर, उत्तर द्या," माधवीनं रेडिओवर हाक दिली. नुसती खरखर. मोबाईल लावला, तोही बंद.

"सावली बघून टेकला असंल," आबा म्हणाले.

माधवीनं तापमानाच्या रकान्याकडं पाहिलं. बाकीच्या गाड्यांवर एकोणचाळीस, चाळीस. चार नंबरवर चोवीस.

"आबा, ह्या उन्हात सावलीला चोवीस कुठलं? गाडी पाण्यात हाय."

"तार निघाली असंल, पोरी."

"तार निघाली तर आकडा वेडावाकडा येतो. ह्यो तीन मिनिटं चोवीसवर बसलाय. तितं रस्त्याला लागून कालवा हाय. आवर्तनाचं पाणी सुटलंय त्यात."

आबा घुटमळले. जवळची गाडी एकच, रणजितची, आणि ती मुलींच्या घोळक्यामागं होती. ती वळवली तर भर रस्त्यात पोरींच्या मागं कुणीच उरणार नव्हतं.

माधवीनं माईक ओढला. "रणजित, पोरींना हाय तितंच रस्त्याच्या कडंला थांबवा. गाडीतल्या शाळेच्या बाईंना त्यांच्यापाशी उतरवा आन् मागं फिरा. लासुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या बाजूला बघा. दोर हाय का गाडीत?"

"हाय वैनी. निघालो."

आबांनी रुग्णवाहिकेला फोन लावला.

रणजितचा ठिपका उलटा सरकू लागला. चार नंबरची पेटी अजून बोलत होती. जागा तीच, चोवीस. पुन्हा चोवीस. मग एक मिनिट गेलं, दोन गेली, काहीच आलं नाही. टपापर्यंत पाणी चढलं? तरी माधवी दर मिनिटाला हाक देत राहिली, "चार नंबर, उत्तर द्या." कुणी ऐकत नाही हे ठाऊक असूनही.

"गावली!" रणजितचा आवाज फुटला. "तोंड पाण्यात हाय. उसामुळं रस्त्यावरनं दिसतच न्हाय."

"आन् माणूस?"

पण तोवर रणजित गाडी सोडून धावला होता. शेजारच्या फडातले ऊसतोड मजूर दोर धरायला आले, हे तिला नंतर कळलं. त्या वेळी तिच्यापुढं फक्त थांबलेला ठिपका होता. अकरा मिनिटं.

"वैनी, जित्तं हायती. गळ्यापातूर पाणी आल्तं. पाय अडकलाय, काढतोय."

मांडवात कुणीतरी टाळी वाजवली. माधवीनं नोंदवहीत वेळ लिहिली. आकडा चुकला. आबांनी तो दुसऱ्यांदा लिहिला.

मधेच आलेल्या कुत्र्याला वाचवताना झुंबरची गाडी कलंडली होती. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. दुपारी इंदापूरच्या दवाखान्यात माधवी खाटेपाशी पोचली, तेव्हा तो तिच्याकडं बघून म्हणाला, "मागं चार सायकली हुत्या गं. पोरींच्या हायती. काढल्या का कुणी?"

"सायकलींचं काय घिऊन बसलाय!" माधवी इतक्या जोरात ओरडली की नर्स धावत आली. मग ती खाटेची कड धरून खाली बसली आणि दिवसभरात पहिल्यांदाच रडली.