शेगड्या कुणाच्या घरच्या

माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी आल्यावरही तिचा तास संपत नाही. पेशी म्हणजे काय, असं कुणी चुकून विचारलं की मेलाच तो. "पेशी म्हणजे एक घर समजा." मग दारात उभं राहून कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय ते बघणारा पहारेकरी आला, कपाटात जपून ठेवलेले घराचे नकाशे आले, सामान बांधून पत्ता घालून पाठवणारी खोली आली, केरकचरा काढणारी बाई आली. मुलं तिला पाठीमागे घरमालकीण म्हणतात. मी तोंडावर म्हणतो.

त्या दिवशी आम्ही मेहुणीकडे गेलो होतो. तिच्या मुलीला जिना चढवेना, संध्याकाळपर्यंत पापण्या मिटायला लागत. रिपोर्ट आला, डॉक्टर मायटोकॉन्ड्रिया, मायटोकॉन्ड्रिया करत राहिले आणि घरात कुणाला काही कळलं नाही. म्हणून ताईला बोलावणं.

मेहुणीने स्वयंपाकघरातच तिचा हात धरला. "ताई, कुणाकडून आलं ते सांगू नकोस. असंच झालं म्हण. आमच्यात असं कुणाला नव्हतं, हे सासूबाई येता-जाता ऐकवतात. मला या घरात राहायचंय."

"आणि तुझ्या धाकट्या मुलाची तपासणी? असंच झालं म्हटल्यावर ती कोण करेल?"

मी दाराशी पाणी पीत होतो. म्हटलं, "सांग की असंच झालं. तुझं काय जातंय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ग्लास ठेवून मुकाट्याने बाहेर येऊन बसलो. हिचा विज्ञानाचा हट्ट, असंच मला वाटलं.

बैठकीत मेहुणीच्या सासूबाई आणि नवरा होते. तिची मुलगी आणि आमची मुलगी आतल्या खोलीत पत्ते खेळत होत्या. हिने नेहमीचं घर उभं केलं, पण आज आवाज कोरडा होता. "या घरात पुष्कळ शेगड्या असतात. डॉक्टर म्हणतात ते मायटोकॉन्ड्रिया म्हणजे याच. खाल्लेल्या अन्नावर त्या पेटतात आणि घर चालतं. मुलीच्या बऱ्याच शेगड्या नीट पेटत नाहीत. म्हणून तिला दम लागतो."

"आल्या कुठून असल्या शेगड्या?" सासूबाईंनी विचारलं.

हिने मेहुणीकडे पाहिलं. मेहुणी पदराचं टोक पिळत होती.

"नकाशे अर्धे आईचे, अर्धे वडलांचे असतात. शेगड्या मात्र सगळ्या आईकडून येतात."

"म्हणजे मी म्हणत होते तेच."

"हो, तेच. पण पुढचंही ऐका. माझ्या बहिणीच्या शेगड्या आमच्या आईकडच्या. माझ्याही तिच्याकडच्याच. चांगल्या किती, बिघडलेल्या किती, हे वाटणं कुणाच्या हातात नसतं. हिच्या मुलीच्या वाट्याला बिघडलेल्या जास्त आल्या. माझ्या मुलीच्या वाट्याला किती आल्यात, मला माहीत नाही. हिला बोलायचं असेल तर मलाही बोला."

आतून आमच्या मुलीचं हसणं ऐकू आलं. ती डाव जिंकली असावी. आमच्या पोरीच्याही शेगड्या बिघडलेल्या असू शकतील हे तेव्हा लक्षात आलं आणि पाठोपाठ बायकोचा भयंकर राग आला. रिपोर्ट आल्यापासून हे हिला माहीत होतं. माझ्यासमोर बसून जेवत होती, पोरीला अभ्यासावरून रागवत होती, आणि मला ते चारचौघांत कळत होतं.

सासूबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमच्या मुलीला त्रास होतोय का काही?"

"अजून तरी नाही."

"मग सगळ्यांचीच तपासणी करून घ्या. धाकट्याचीपण." त्या सुनेकडे वळल्या. "तू बस आधी. किती वेळ उभी आहेस."

मेहुणी तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. मी बायकोकडे पाहत होतो. मी काय विचारणार, हे तिला न विचारताच कळलं.

"सगळ्या जगाला समजावता येतं मला," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला कसं सांगायचं, तेवढं सुचत नव्हतं."