तीन नंबरची पट्टी

जीवन कोळ्याच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण पितळेची पट्टी असायचीच. बोटाएवढी लांब, पोस्टकार्डाएवढी जाड. भावना, त्याची बायको, कपडे धुवायला घेताना ती काढून खिडकीत ठेवायची आणि दुसऱ्या पँटीच्या खिशात आठवणीनं टाकायची. हे काय, म्हणून तिनं एकदाच विचारलं होतं. "मशीनचा हाय," एवढंच उत्तर मिळालं, आणि मशीनचं म्हटलं की त्या घरात पुढं कोणी विचारत नसे.

पनवेलच्या अलीकडे डब्यांची झाकणं करणारा एक कारखाना होता. त्याच्या जुन्या शेडमधली तीन नंबरची प्रेस म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप. काम तसं साधं. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून साच्याची डाय आदळते, खाली झाकण पडतं. पण तीन नंबरवर झाकणाची कड फाटायची. फिटर लोकांनी डाय बदलली, बेअरिंग बदललं, दसऱ्याला तिला इतरांपेक्षा मोठा हार घातला, तरी बाई ऐकेना. जीवन तेव्हा कंत्राटावर नवा लागलेला. पत्रा आत जाऊन ज्या पोलादी ठोकळ्याला टेकतो, तो ठोकळा एका अंगानं झिजलाय, हे त्याला नखानं चाचपताना कळलं. भंगारातली पट्टी उचलून त्यानं ठोकळ्यामागच्या फटीत सारली आणि झाकणं कशी गुळगुळीत पडायला लागली.

हे त्यानं त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. पण कंत्राटी माणसाला तिथं सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' देत, म्हणजे गोड बोलून घरी पाठवत. आणि घरी त्याचा बाप काशिराम उरणला भराव पडलेल्या खाडीकडे बघत दारात बसलेला. जाळं गुंडाळून ठेवल्यापासून म्हाताऱ्याचं तेवढंच काम उरलं होतं. जीवन घाबरला, दुसरं काही नाही. पाळी संपली की तो पट्टी गुपचूप काढून खिशात टाकायचा. त्याच्या जागी दुसऱ्या पाळीचा कायम कामगार बळीराम बसायचा आणि तीन नंबर पुन्हा रुसायची.

ब्रेकच्या यादीत बाकीच्या कंत्राटी लोकांची नावं लागली, जीवनचं लागलं नाही. पुढं तो कायम झाला. रोडपालीत खोली घेतली, लग्न झालं, मोनाली झाली. "तीन नंबर फक्त जीवनचं ऐकते," असं शेडमध्ये बोललं जाई, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. बळीराम मात्र फाटकी झाकणं आणि साहेबांची बोलणी, दोन्ही गोळा करत राहिला. पनवेलजवळच्याच गावातला आगरी गडी, आधी हसण्यावारी न्यायचा. "ती तुजी लग्नाची हाय, माजा कशाला ऐकेल," म्हणायचा. मग हळूहळू त्याचं ते हसणं बंद झालं.

आणि एकीकडे जीवनचे कान जात होते. इतकी वर्षं ती डाय डाव्या बाजूला आदळत होती, कान तरी काय करणार? मोनाली शाळेतली कविता म्हणून दाखवायची आणि हा भलत्याच जागी मान डोलवायचा. एकदा ती भावनाला म्हणाली, "बाबांना नको, कविता मी तुलाच म्हणून दाखवते." ते नेमकं त्याला ऐकू आलं. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, "त्या आवाजातून बाहेर पडा, नाहीतर उरलंय तेही जाईल." बाहेर पडून जायचं कुठं? बाहेर पुन्हा कंत्राट आणि पुन्हा ब्रेक.

अशात कारखान्यानं नवी शेड उभारली. बंद काचेतल्या मशीनी, बटणावर चालणाऱ्या, गप्पा मारता येतील इतक्या शांत. ऑपरेटर जुन्या शेडमधूनच घेणार होते. जीवन मॅनेजर विनायक साठ्यांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, माजा नाव घाला. कान गेलेत माजे."

"अरे, तू गेलास तर तीन नंबर कोण चालवणार? मोठी ऑर्डर तिच्यावरच आहे. दुसरा कोणी चालवून दाखवू दे, तुला लगेच सोडतो. प्रॉमिस."

दुसऱ्याला शिकवायचं म्हणजे पट्टी दाखवायची. पट्टी दाखवायची म्हणजे बळीरामनं इतकी वर्षं शिव्या कुणामुळे खाल्ल्या, तेही सांगायचं. ते जीवनच्यानं होईना. मग त्यानं आपल्या मते शहाणपणाची वाट काढली. पाळी संपली तरी पट्टी काढायचीच नाही. मशीन बळीरामकडे आपोआप नीट चालेल, बोलायला नको, सांगायला नको.

तसंच झालं. बळीराम पहिल्या दिवशी झाकण उलटंपालटं करून बघत राहिला. आठवडा गेला, एक कड फाटली नाही. तो पुन्हा शीळ घालत कामाला यायला लागला. जीवननं घरी भावनाला सांगून टाकलं, "आता सुटलो त्या आवाजातून." भावनानं त्या दिवशी बोंबील तळले.

सोमवारी साठे साहेब स्वतः शेडमध्ये आले आणि सगळ्यांसमोर बळीरामच्या पाठीवर थाप मारली. "तीन नंबरसारखी मशीन ताब्यात आणलीस, म्हणजे तू काहीही चालवशील. नव्या शेडला तू जा." मग जीवनकडे वळले. "ऑर्डर संपेपर्यंत तू इथे हवास. तू इथला पाया आहेस, बाबा."

बळीरामनं पेढे आणले. पहिला पेढा जीवनच्या हातावर ठेवला. "तुजा बगून बगून शिकलो. मनात लय वाईट आणला व्हता तुज्याबद्दल, माफ कर." जीवननं पेढा तोंडात टाकला. आता तोंड उघडलं तर बळीरामची नवी शेड जाणार आणि याची नोकरी. तोंड मिटून ठेवलं तर कान जाणार. त्यानं पेढा गिळला.

बळीरामच्या जागी पॅकिंगमधून कमळाकर आला, मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, वयानं मोठा माणूस. मशीनजवळ उभा राहून त्यानं जरा मोठ्यानंच विचारलं, "जीवनराव, हिची काही खुबी असली तर सांगा की."

"काय नाय," जीवन म्हणाला. "हात बसाय लागतो."

पट्टी ठेवली तर उद्या कमळाकरही नव्या शेडला जाईल. तरी कमळाकरकडे बघून ती आत ठेवावी असं त्याला खरंच वाटत होतं, पण कमळाकर पत्रे आणायला वळला तशी बोटं सवयीनं ठोकळ्यामागं गेली आणि पट्टी खिशात आली. तो डबा घेऊन निघाला. दारापाशी पोचतो तोच मागं पत्रा फाटल्याचा आवाज झाला. तेवढा आवाज त्याला अजून ऐकू येत होता.