गाडीवाल्या बाई आणि पांढऱ्या पेशी

सगळे त्यांना 'गाडीवाल्या बाई'च म्हणत. तेवीस वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून लोकांना गाडी शिकवत होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी चौपट निघाल्या.

आणखी तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्ताचा कॅन्सर आहे, पण फार सावकाश वाढणारा. सध्या औषध नको."

"कॅन्सर आहे आणि औषध नको? हा कुठला न्याय?"

"आत्ता औषधानं फायदा नाही, त्रास मात्र होईल. दर तीन महिन्यांनी रक्त बघू. पण वजन घटलं, अंथरूण घामानं भिजलं, ताप हटेना किंवा मानेत-काखेत गाठी वाढल्या, तर तारखेची वाट बघायची नाही."

बाईंनी सगळं डायरीत उतरवून घेतलं. घरी नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. नणंद बॅग भरून आली ती दारातच हुंदके देऊ लागली.

"वन्सं, मी जिवंत आहे अजून," बाई म्हणाल्या. "डोळे पुसा, चला, क्लच शिकवते."

आठवड्यासाठी आलेली नणंद दोन महिने राहिली आणि लायसन्स घेऊनच गेली.

गुडघा बदलून झाला, या आजारात संसर्ग पटकन होतो म्हणून लसी घेऊन झाल्या. शिंकणाऱ्या विद्यार्थ्याला बाई सरळ घरी पाठवत. रिपोर्टच्या आदल्या दिवशी मात्र नवऱ्यावर उगाच खेकसणं व्हायचं.

पाचव्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली, मानेतल्या गाठी बोटांना लागू लागल्या. बाई त्याच आठवड्यात दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन उतरलं होतं. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या.

पहिल्याच रिपोर्टात पांढऱ्या पेशी उलट वाढल्या. नवरा हादरला.

"अहो, गाठींतल्या पेशी रक्तात उतरतात सुरुवातीला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तुमचं लक्ष कुठे होतं?" बाईंनीच त्यांना धीर दिला.

गोळ्यांनी हातावर निळे डाग उठायचे. शेजारीण नवऱ्याकडे संशयानं बघायला लागली, तेव्हा बाईंनी हसत गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे धरलं.

चार महिन्यांत गाठी विरल्या, धाप गेली. आजार मुळातून गेलेला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

परवा एका बँक मॅनेजरांनी स्टिअरिंग घट्ट धरून विचारलं, "बाई, तुम्ही आजारी होतात म्हणे?"

"आहे की अजून. तुम्ही आधी इंडिकेटर द्या."