अक्काला समजेपर्यंत

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिदरच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. डायलिसिससाठी तिला त्या दिवशी माझी बायको कलबुर्गीला घेऊन गेली होती. बायकोला बोलता येईना, म्हणून मशीन सांभाळणाऱ्या रफिकभाईंनी तिच्या हातून फोन घेतला. "सर, तुम आ जाव... मॅडम गये." मशीनवर असतानाच हृदय थांबलं. याला आता महिना होत आला. खरं सांगायचं तर मला धक्का बसला नाही, कारण हे असंच कधीतरी होणार हे अक्कानंच मला नीट समजावून ठेवलं होतं. त्याचाच अजून राग येतो.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, राजेश्वर गावातल्या आमच्या घरातच राहिली आणि मराठी शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. शास्त्र म्हटलं की चार हात लांब. किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टर कन्नडमध्ये सांगत होते, कागद इंग्रजीत होते, रफिकभाई दख्खनीत बोलत होते आणि अक्का सगळ्यांनाच "हौदु, हौदु" करत मान डोलवत होती. आमच्या भागात माणसाला तीन-तीन भाषा येतात, त्यामुळं न कळता होकार देणंही तिन्ही भाषांत जमतं. त्यात ही मास्तरीण, समजलं नाही म्हणायची लाज. किडनी धुऊन निघायला पाणी भरपूर प्यावं, असं तिनं स्वतःच ठरवलं आणि घरी येऊन तांब्यावर तांब्या रिचवला. पाणी बाहेर पडायची वाटच शरीरात उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला, छातीत पाणी भरलं. जीपमधून कलबुर्गीला नेताना ती मला सारखी खिडकी उघड म्हणून खुणावत होती... खिडकी उघडीच होती.

त्यातून वाचली, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसली. मी इतिहासाची बाई, मला हळू सांगा, म्हणाली. डॉक्टर एक वाक्य बोलायचे, ती ते आपल्या बोलीत मला सांगायची आणि अडलं की पुन्हा त्यांनाच विचारायची. बाहेर पेशंटची रांग लागलेली, डॉक्टर घड्याळाकडं बघताहेत, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ही ढिम्म. आपल्या बोलीत सांगता येईना तोवर कळलं नाही, हा तिचा नियम. माहितीपत्रक वाचताना पहिल्यांदा जेवढं कळेल तेवढं घ्यायची, उरलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा. घरी तूर भरडताना न फुटलेले दाणे परत जात्यात टाकतो ना, तसं. हातात सुया, कुशीवर वळता येत नाही, घोटभर पाण्याची चोरी, आणि त्या डायलिसिसच्या पलंगावरून बाई मला पोटॅशियम शिकवायची.

तिला तिथून सोडवायचं म्हणून मी माझी किडनी देतो म्हटलं. अक्का म्हणाली, "देतो म्हणायलास, पर काय द्यायलास ते ठाव हाय का? आदी शिक, मला सांग, मग व्हय म्हण." मला अभ्यासाचा लहानपणापासून कंटाळा. तरी शिकलो. एका किडनीवर माणूस कसा जगतो, कशाला जपतो, काय बिघडू शकतं, हे सगळं तिच्यासमोर बसून सांगायचो आणि चुकलो की पुन्हा सांगायचो. शेवटी ती तयार झाली. मग माझ्या तपासण्या झाल्या आणि मलाच साखर निघाली, बरीच जुनी. तुमची किडनी घेता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. दुसरं देणारं कुणी नव्हतं. परतीच्या बसमध्ये सगळं दोघांनाही कळत असल्यानं खोटा धीर द्यायलाही जागा नव्हती.

जाण्याच्या काही दिवस आधी तिनं आपल्या हृदयाचा रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी स्वतःच वाचला, हृदय आता मशीनवरच कधीतरी थांबणार असं मला समजावलं आणि घडी घालून माझ्याकडं दिला. मला राहवलं नाही. "अक्का, कामून शिकलीस गं एवढं? कळलंच नसतं तर बरं झालं असतं."

तिनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"अडकले तर व्हतेच की रे. कशात अडकले ते तरी कळलं." मग म्हणाली, "आता तुजी साखर शिक."

मी रिपोर्ट पिशवीत कोंबला. तिच्यावर चिडलो होतो, आणि भ्यायलो होतो.

गेल्या आठवड्यात साखरेनं माझ्या किडनीला काही केलंय का ते दाखवायला त्याच डॉक्टरांकडं गेलो. वाटेत ठरवलं होतं, गोळ्या लिहून घ्यायच्या आणि निघायचं, उगाच खोलात शिरायचं नाही. डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला, त्यावर एक वाक्य बोलले आणि थांबले. थांबून माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिले... सवयच लागली होती त्यांना. मग माझ्याकडं वळून, आता तुम्ही सांगा, म्हणाले.

मला कळलं नव्हतं. तसं मी सांगितलं.