निर्माल्यात गेलेली चावी

माजलगावात गंगासागर शेटेला ओळखतात ते तिच्या परकरांमुळं. तिच्या हातचा परकर झिजेल, विटेल, पण उसवणार नाही, असं बाया म्हणतात. ती घाटनांदूरच्या किराणावाल्याची लेक. लग्न होऊन आली ती शिलाई मशीन घेऊनच. ती शिवायची आणि नवरा सिद्धाराम विकायचा. परकर, ब्लाऊजपीस, टॉवेल यांचा गठ्ठा मोटारसायकलला मागं करकचून बांधायचा आणि दिंद्रुड, पात्रुड, तालखेड असे बाजार करत हिंडायचा. गाडी घेतली त्या वर्षी त्यांची ईश्वरी जन्मली. ईश्वरी आता लातूरला दोन लेकरांची आई आहे, आणि गाडी अजून तीच.

गेल्या चैत्रात सिद्धारामच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. पाय काठीच्या आधारानं दोन-तीन महिन्यांत चालता झाला, हात मात्र रुसला तो रुसलाच. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. सिद्धारामनं तो खिडकीत ठेवून दिला.

"मी काय लेकरू हाय का चेंडू खेळायला?"

गंगासागर गठ्ठा घेऊन काळी-पिवळी जीपमध्ये बसू लागली आणि बाजार स्वतःच करू लागली. सवय नव्हती, होत गेली.

श्रावणातल्या एका सकाळी ती पूजेवरून उठली. कपाळावरची विभूती ओलीच होती. अंगणात काहीतरी खणकन पडल्याचा आवाज आला, म्हणून तिनं डोकावलं. पत्र्याच्या छपराखाली सिद्धाराम गाडीपाशी उभा होता आणि उजव्या हातानं चावी लावायला बघत होता. भोक सापडेना. चावी पडायची. तो काठीवर भार देऊन वाकायचा, उचलायचा, पुन्हा लावायला जायचा. गंगासागरला वाटलं, जावं आणि लावून द्यावी. पण ती दाराआड तशीच थांबली. आयुष्यात आपण काही शहाणपणा केला असेल तर तो एवढाच, असं ती नंतर म्हणायची.

मग ते रोजचंच झालं. पूजा झाली की चावी, चावी झाली की चहा. भादव्यात चावी भोकात जाऊ लागली. नवरात्र बसेपर्यंत ती अर्धी फिरायला लागली.

"अजून अर्धीच ऱ्हायली," तो चहा पिताना सांगायचा. "ती फिरली की गाडी काढतो बघ."

"काढा की. मला काळी-पिवळीत कोंबून नेतेत," ती म्हणायची.

खंडेनवमीला गंगासागरनं देवापुढं पाट मांडून वर कापड अंथरलं. त्यावर कात्री, कापड मोजायचा गज, मशीनच्या तेलाची कुपी आणि ती चावी ठेवली. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, वर झेंडूचे ढीग घातले. मशीनला हार, गाडीला हार. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून सिद्धारामनंही हाताला सुटी दिली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला माणसांची ये-जा सुरू, चुलीवर पुरण, दारात चपलांचा ढीग. त्या धांदलीत तिनं कात्री उचलली, गज उचलला, कुपी उचलली आणि फुलांखालच्या कापडाची चार टोकं धरून गाठ मारली. निर्माल्य चिवडायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, जसं आहे तसं वाहत्या पाण्यात सोडायचं, ही घाटनांदूरला आईनं लावलेली शिस्त. ते गाठोडं तिनं कालव्याला नेऊन सोडलं, हात जोडले आणि घरी येऊन पोळ्या लाटायला बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिद्धारामनं हात पुढं केला. "चावी?"

गंगासागरनं रिकाम्या पाटाकडं पाहिलं.

"हाय हितंच कुठंतरी. बघते," ती म्हणाली आणि तशीच कालव्यावर गेली. पाणी काठोकाठ चाललं होतं. बाभळीच्या एका फांदीला दोन झेंडू अडकले होते, बाकी काही नाही. एवढीशी लोखंडी चावी, ती कशाला वर येऊन बसते.

दोन दिवस तिनं घरभर शोधायचं नाटक केलं. तिसऱ्या दिवशी मात्र खरं काय ते सांगून टाकलं. तो खवळेल, ताट ढकलेल, अशी तिची तयारी होती. ताट ढकललं असतं तर बरं झालं असतं.

"देवापुढं ठिवली अन् देवानंच ठिवून घेतली," तो म्हणाला. "समजून घ्यायचं."

"काय समजायचं?"

"बास कर म्हणायलाय तो."

आणि भिंतीकडं तोंड करून निजला. त्या दिवसापासून सकाळचं उठणं बंद झालं. कपसुद्धा तो डाव्या हातानं धरू लागला. उजवा मांडीवर पडलेला असायचा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

शेजारच्या बायनाबाईनं आपलं मत दिलं. "भंगारात घाल ती गाडी. बघतोय अन् झुरतोय माणूस. डोळ्याआड झाली की सुटंल."

गंगासागरला त्या रात्री झोप लागली नाही. ती देवभोळीच. दिवा विझला, मांजर आडवं गेलं, तर तीही मनात काहीबाही धरणारी. नवऱ्याचं बोलणं तिला हसून उडवता येईना. पण सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसली तेव्हा तिच्या मनात सरळच आलं, की परळीचा वैजनाथ कुणाच्या मोटारसायकलची चावी कशाला नेईल? गाठ मी मारली. फुलं न बघता मी सोडली. चूक माझी, आणि नाव त्याचं का म्हणून? पूजा आटोपून तिनं देव्हाऱ्याला नमस्कार केला आणि पायात चपला घातल्या.

गॅरेजवाला म्हणाला, "इतक्या जुन्या गाडीची कुठं चावी शोधता काकू? वायर डायरेक्ट करून बटन बसवतो. बोट लावलं की चालू."

"बटन नको. फिरवायचं पायजे."

"मग सगळं कुलूपच नवं टाकू. लोण्यासारखं फिरंल."

"लोण्यासारखं नको. तेच कुलूप पायजे. माझा माणूस त्याच्याशी झुंजायलाय," गंगासागर म्हणाली. गॅरेजवाल्याला काही कळलं नाही, पण त्यानं बसस्टँडजवळच्या शहादेवचा पत्ता दिला.

शहादेव चावीवाला लिंबाखाली पेटी मांडून बसलेला होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली. "गाडीचे कागद हायत का, मावशी?"

"माझ्या तोंडाकडं बघून मी चोर वाटते का रे?"

"चोराच्या तोंडावर लिवलेलं ऱ्हात न्हाई. मागं एकाला चावी करून दिली. तो बाबा शेजाऱ्याची गाडी घेऊन गेला, अन् मी दोन दिवस ठाण्यात बसलो."

त्याला घेऊन घरी आल्यावर तिनं ट्रंकेतून पिशवी काढून कागद दाखवले, मगच त्यानं पेटी उघडली. सिद्धाराम आत बाजेवर होता, भिंतीकडं तोंड करून.

शहादेवनं गाडीच्या बाजूच्या हत्याराच्या डब्याचं कुलूप उचकटून काढलं. "दोन्ही कुलपांना चावी एकच असती, मावशी. हे सुटं हुतंय. ह्याच्या आतल्या पत्र्या बघून दात पाडायचे." मग एक कोरी चावी चिमट्यात धरून तो कानस घासू लागला. घासायचं, लावून बघायचं, उजेडात धरायचं, पुन्हा घासायचं. तासाभरात डब्याचं कुलूप उघडलं. गंगासागरनं सुटकेचा निःश्वास टाकला.

पण तीच चावी हँडलजवळच्या कुलपात गेली आणि अडून बसली. शहादेवनं इकडून जोर लावला, तिकडून लावला. तेल सोडलं. बोटं पुसली, दात खाऊन पुन्हा पिळलं.

"मोडशील बे," आतून आवाज आला.

दोघांनी वळून पाहिलं. सिद्धाराम बाजेवर उठून बसला होता.

"आत पुरी सारायची. मग केसभर मागं वढायची. मग फिरवायची."

"तसंच करायलोय काका."

"काय करायलास? नारळ फोडल्यासारखा जोर लावायलास. पंचवीस वर्सांचं कुलूप हाय ते, झिजलंय. त्याला जोर चालत न्हाई."

शहादेवनं पुन्हा केलं. नाहीच. "काका, सांगून न्हाई जमायचं. ज्याच्या हातातलं त्यालाच कळतं. तुमीच या."

गंगासागरनं काठी पुढं केली नाही. त्यानंच ती घेतली. अंगणात आला, काठी गाडीला टेकवली आणि डाव्या हातानं चावी धरली. डाव्याला ती ओळख नव्हती. दोनदा केलं, तिसऱ्यांदा थांबला. मग डाव्या हातानं उजवा मनगटाला धरून वर उचलला आणि चावीवर नेऊन ठेवला. बोटं एकेक करून मिटली.

चावी आत गेली, किंचित मागं आली. त्या हातात जोर नव्हताच, होता तेवढा सगळा मिळून पानाच्या वजनाएवढा. अर्ध्यावर येऊन चावी थांबली. सिद्धारामच्या कपाळाला घाम फुटला. गंगासागरनं पदराआडून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला, पण मागितलं काही नाही. आणि मग खट्ट असा आवाज झाला.

त्यानं चावी उलटी फिरवली आणि पुन्हा लावली. पुन्हा खट्ट.

"किक मार," तो शहादेवला म्हणाला. सात-आठ किका खाऊन गाडीनं धूर सोडला आणि फटफट सुरू झाली. बायनाबाई भिंतीवरून डोकावली. "अगं बया, हिला तर मी भंगारात घालायला निघालते."

"बंद कर आता. पेट्रोल फुकट आलंय का," सिद्धाराम म्हणाला, आणि बंद करायला चावी त्यानंच फिरवली.

शहादेव पेटी आवरत म्हणाला, "काका, एक जास्तीची करून ठिवू का अशीच?"

"कर. घरात लई देवभक्त माणूस हाय."

कितीतरी दिवसांनी त्यानं टोमणा मारला होता. गंगासागरनं पदर तोंडाला लावला. हसू होतं की दुसरं काही, ते बायनाबाईला भिंतीवरून नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून ती चहा घेऊन दारात आली. चावी केव्हाच फिरवून झाली होती. आता सिद्धारामचा उजवा तळवा एक्सलेटरच्या मुठीवर होता. बोटं मुठीभोवती बसली होती, पण मूठ काही वळत नव्हती.

"घेता का चहा?"

"ठिव तितंच कट्ट्यावर," तो मुठीवरची नजर न काढता म्हणाला. "हिला जरा टाइम लागंल."