दहा लाख तीनचे वाटे

कापसाचा भाव चढला त्या वर्षी अमरावतीतली माझ्या थोरल्या भावाची शाळा ओस पडली. मुलं सरकी काढायच्या कामाला लागली. दादा पंतोजी होते. शिकवण्यापलीकडं त्यांना दुसरं काम येत नव्हतं. अकोल्याच्या एका अडत्याला वजनं टिपायला माणूस हवा होता, म्हणून ते बाजारात त्याला भेटायला गेले. मी सोबत होतो.

त्या हंगामात लाखाखाली कुणी बोलत नसे. दादांची परीक्षा घ्यायला अडत्यानं दहा लाखांचा आकडा घेतला आणि समोर तीन गाड्या उभ्या होत्या म्हणून वर तीन घातले.

"पंतोजी, दहा लाख तीनचे सारखे वाटे करून आणा. मांगं काई उरलं नाई पायजे. मंग तुमाले अकोल्याले नेतो. अन् एक-एकाचे वाटे मांडू नका, तेवढं मलेबी येते."

रविवारचा बाजार आटोपला की गाड्या निघणार होत्या.

घरी दादांनी पाटावर धूळ पसरली आणि काडीनं भागाकार मांडू लागले. कागद महाग होता. एक भागाकार झाला की तळहातानं पुसायचा, पुढचा मांडायचा. सातानं भागल्यावर चार उरले. अकरानंही चार, तेरानंही चार.

"चारच कावून उरते?" वहिनींनी विचारलं.

"दहा लाखात एक कमी केला की त्याले हे सारे जातात. आपला आकडा त्याच्या चार पुढं हाये."

"मंग चार कमीच सांगाचा होता ना त्या माणसानं."

हजाराच्या आतच शोधायचं होतं. हजार हजारदा घेतले की दहा लाख होतात. तेव्हा आकड्याचे वाटे पडत असतील तर दोहोंपैकी एक संख्या हजाराहून लहान असणारच. दोन जात नाही म्हटल्यावर चार, सहा, आठ आपोआप गळत. शेवटी नऊशे सत्त्याण्णव राहिले. बारा उरले. आकडा कशानंही तुटत नव्हता.

रविवारी दादांनी तसं सांगितलं.

"वाटे होत नाईत, का तुमाले सापडले नाईत?" अडत्यानं विचारलं.

"होतच नाईत."

"दाखवा मंग."

वाटे पडले असते तर एक गुणाकार पुरला असता, आणि तो अडत्यालाही पडताळता आला असता. पडत नाहीत हे दाखवायला सगळे भागाकार लागत होते. ते पाटावरून पुसले गेले होते. मी शेजारी बसून पाहिलं आहे, असं मी म्हणालो.

"तुमी तं भाऊच हा त्यायचे."

दादा तिथंच खाली बसले आणि मातीत पुन्हा सातापासून मांडू लागले. गाड्या जुंपल्या जात होत्या. तेविसाचा भागाकार अर्धा असताना शेवटची गाडी वळली. वजनं टिपायला अडत्यानं दुसरा माणूस घेतला होता. तो तिच्यात मागं बसला होता.

घरी वहिनींनी पाणी दिलं.

"तुमचं चुकलं का?"

"नाई. बरोबर होतं."

"मंग?"

दादांनी भांडं खाली ठेवलं. मग पाट ओढून त्यावर पुन्हा धूळ पसरली.